परत घेतलेला शब्द

दिवाळीच्या दिवसांत कोणत्याही घरचे फडताळ उघडून पाहावे. बिस्किटांच्या डब्यात चकल्या असतात, दूधपावडरीच्या डब्यात बेसनाचे लाडू असतात, आणि ज्या बरणीवर एके काळी ‘लिंबाचे लोणचे’ असे छापलेले होते तिच्यात करंज्यांचे सारण असते. डब्यावरचे नाव एक आणि आतला जिन्नस दुसरा, ही फारकत वर्षानुवर्षे चाललेली असते. पण तिच्यामुळे घरातले कोणी फसत नाही. कोणता डबा कशाचा हे गृहिणीच्या हाताला ठाऊक असते, आणि मुलांच्या नाकाला तर ते तिच्याही आधी कळते. फार तर एखादा पाहुणा हौसेने चहा करावयास जातो, साखर समजून मीठ घालतो, आणि पुढची चार वर्षे त्या घराला हसण्यासाठी एक विषय मिळतो.

घरात लेबलाला किंमत नसते, कारण घरातली माणसे एकमेकांना ओळखतात. जेथे ओळख संपते तेथे लेबल सुरू होते. पूर्वी वैद्यबुवा पुडी बांधून देत. तिच्यावर एक अक्षरही नसे. पुढे दवाखाने आले. कंपाउंडर खिडकीतून लाल किंवा पिवळ्या औषधाची बाटली पुढे करी आणि तिच्यावर डोस दाखविणारी, कडा कातरलेली कागदाची पट्टी चिकटविलेली असे. किती घ्यावयाचे ते त्या पट्टीवरून कळे. काय घ्यावयाचे ते कळत नसे, आणि कोणी विचारीतही नसे. वैद्य किंवा डॉक्टर हाच त्या औषधाचे लेबल होता. काही बिघडले तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत होते.

आज गोळी जेथे तयार होते ते गाव आपण पाहिलेले नसते. तिच्यातले द्रव्य एका देशातून येते, गोळी दुसऱ्या ठिकाणी बनते, बाटलीत तिसऱ्या ठिकाणी भरली जाते, आणि आपल्या तळहातावर येते तेव्हा ती असते एक लहानशी, वाटोळी, मुकी वस्तू. रक्तदाबाची गोळी आणि झोपेची गोळी शेजारी ठेवल्या तर कोणती कशाची हे शहाण्यातल्या शहाण्या माणसालाही पाहून सांगता येईलच असे नाही. लाडू नाकाला कळतो. गोळी कळावी असे इंद्रिय माणसाला मिळालेले नाही. अशा ठिकाणी लेबल हे नुसते नाव राहत नाही. तो एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला दिलेला शब्द होतो. आणि ज्याला तो दिला जातो तो आजारी असतो, बहुधा घाबरलेला असतो, आणि त्या शब्दाचा पडताळा पाहण्यास सर्वस्वी असमर्थ असतो.

हा शब्द कधी कधी खोटा पडतो. २०११ साली अमेरिकेत दोन औषधे एकदम बाजारातून परत मागवावी लागली. एक होते मनाच्या उदासीनतेवरचे सिटॅलोप्रॅम आणि दुसरे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीची वाढ रोखणारे फिनास्टेराइड. बाटल्यांवर लेबले लावताना त्यांची अदलाबदल झाली असावी, असे लक्षात आले होते. फिनास्टेराइड गरोदर स्त्रीने घ्यावयाचे नसते, कारण पोटातील मुलग्याच्या वाढीला त्यापासून अपाय होऊ शकतो. आणि उदासीनतेवरचे औषध घेणाऱ्यांत तरुण स्त्रिया असणारच. २०१८ साली तेथेच रक्तदाबावरच्या हायड्रोक्लोरोथायझाइड या औषधाची शंभर गोळ्यांची एक बाटली निघाली, तिच्यात स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळ्या होत्या. दोन्ही औषधे लघवी वाढविणारीच. पण पहिले शरीरातले पोटॅशियम बाहेर घालविते आणि दुसरे ते राखून ठेवते. २०२४ च्या जानेवारीतले उदाहरण तर चमत्कारिक म्हणावे असे आहे. अवेळी अनावर झोप येण्याचा विकार ज्यांना असतो त्यांना जागे ठेवणाऱ्या एका औषधाची बाटली नेब्रास्का राज्यातल्या एका औषधविक्रेत्याने उघडली, तेव्हा आत निघाल्या सर्दीच्या, म्हणजे उलट गुंगी आणणाऱ्या, गोळ्या. त्या एका माणसाने आतल्या गोळ्या नीट पाहिल्या आणि कळविले, म्हणून तो सगळा माल परत बोलावला गेला.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आतल्या गोळ्यांत स्वतःची अशी काही खोट असल्याची तक्रार नव्हती. भेसळ नव्हती, माल शिळा नव्हता. स्पायरोनोलॅक्टोन हे चांगले औषध आहे, हायड्रोक्लोरोथायझाइड हेही चांगले औषध आहे. बाटली चांगली, गोळी चांगली, छपाईही सुबक. मग विष कोठून आले? ते वस्तूत नव्हते, नावातही नव्हते. ते दोहोंच्या मधल्या सांध्यात होते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे असे आपल्याकडच्या मीमांसकांनी मानले. नैयायिक म्हणाले, नाही, तो माणसांनी ठरविलेला संकेत आहे. औषधाच्या बाटलीपुरता तरी नैयायिकांचा पक्ष खरा आहे. तेथे नाव आणि वस्तू यांना जोडणारे दुसरे काही नाही. आहे तो थोडासा डिंक, आणि तो लावणाऱ्या माणसाचे लक्ष.

हे लक्ष कसे सुटते ते समजणे कठीण नाही. फराळाच्या चकल्या जशा घाण्याघाण्याने निघतात तशी औषधेही घाण्याघाण्याने निघतात. कारखान्यात घाण्याला बॅच म्हणतात, एवढेच. एका औषधाची बॅच संपली की त्याच पट्ट्यावर दुसऱ्या औषधाची सुरू होते. मधल्या वेळात आधीच्या औषधाची एकही गोळी, एकही लेबल मागे राहू नये असा दंडक असतो. लेबले नोटांसारखी मोजून द्यावयाची, मोजून परत घ्यावयाची. किती दिली, किती लागली, किती फाटली आणि किती उरली यांचा मेळ बसला पाहिजे. तो बसला नाही तर काम थांबवावयाचे. नियम चांगला आहे. पण पाळी संपत आलेली असते, पुढचा माल गाडीवर चढावयाचा असतो, हिशेबात चार लेबले कमी भरतात, आणि कोणी तरी म्हणतो, ‘असतील फाटली.’ सगळी गोष्ट त्या दोन शब्दांत झालेली असते. त्यांत दुष्टावा नाही. असलाच तर आपल्या सर्वांच्या परिचयाचा एक आळस आहे.

आता नीतीचा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या मनात वाईट नव्हते त्याच्या हातून वाईट घडले, तर अपराध कोणाचा आणि केवढा? हेतू शुद्ध असला की कर्त्याला दोष नाही, असे आपण एका श्वासात म्हणतो. आणि ज्याचे मूल गेले त्याने कोणाच्या हेतूचे काय करावयाचे, असे दुसऱ्या श्वासात विचारतो. दोन्ही म्हणणी खरी वाटतात, आणि म्हणूनच या वादाचा शेवट होत नाही. मला वाटते, त्या वादाला बाजूची एक वाट आहे. आणि ती सापडण्यासाठी अमेरिकेतच १९३७ साली घडलेली एक हकीकत तपशिलाने पाहिली पाहिजे.

त्या काळी सल्फानिलामाइड हे औषध नवे होते आणि घशाच्या व इतर जंतुदोषांवर ते उत्तम लागू पडत असे. ते पूड आणि गोळी या रूपांत मिळे. लहान मुलांना पातळ औषध हवे, अशी दक्षिणेकडच्या राज्यांतून मागणी आली. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी मॅसेंगिल नावाची औषध कंपनी होती. तिचे मुख्य रसायनज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स यांनी शोध घेतला, तेव्हा डायएथिलीन ग्लायकॉल या गोडसर द्रवात ती पूड चांगली विरघळते असे त्यांना दिसले. रंग, वास आणि चव यांची परीक्षा झाली. रासबेरीचा स्वाद घालण्यात आला. पोटात गेल्यावर तो द्रव काय करतो याची परीक्षा मात्र झाली नाही. तशी ती करावी असा कायदाही तेव्हा नव्हता. एकंदर २४० गॅलन औषध तयार झाले आणि सप्टेंबरात ते देशभर रवाना झाले. बाटलीवर नाव होते ‘एलिक्झर सल्फानिलामाइड’.

डायएथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावच्या डॉक्टरांकडून मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. पाहता पाहता व्हर्जिनियापासून कॅलिफोर्नियापर्यंत १५ राज्यांतून शंभरावर माणसे दगावली. त्यांत घसा दुखतो म्हणून औषध दिलेली लहान मुले पुष्कळ होती.

सरकारने ते औषध ताब्यात घ्यावे, हे आपल्याला किती सरळ वाटते! पण कायद्याने तसे करण्याला आधार कोणता? १९०६ सालचा जो कायदा होता त्याप्रमाणे विषारी औषध विकणे हा गुन्हा ठरत नव्हता. लेबलावर खोटे लिहिणे हा गुन्हा ठरत होता. एलिक्झर म्हणजे मद्यार्क असलेले औषध, असा त्या शब्दाचा औषधशास्त्रात ठरलेला अर्थ. या बाटलीत मद्यार्काचा थेंबही नव्हता. तेव्हा लेबल खोटे होते, आणि त्या एका खोट्या शब्दाच्या बळावर सरकारला सगळ्या बाटल्या धरता आल्या. कंपनीने ‘एलिक्झर’ऐवजी नुसते ‘द्रावण’ असे लिहिले असते तर त्या बाटल्यांना हात लावण्याचा अधिकार कोणालाही पोहोचला नसता. शंभर जीव गेले, आणि कायद्याच्या दप्तरी गुन्हा नोंदला गेला तो एका शब्दाच्या चुकीचा. कंपनीला त्याबद्दल सुमारे २६ हजार डॉलर दंड झाला. पुढल्याच वर्षी, १९३८ साली, नवा कायदा झाला आणि औषध निर्धोक आहे हे बाजारात येण्यापूर्वीच दाखविण्याची सक्ती आली. पण तो भाग निराळा. मला सांगावयाचे आहे ते औषध परत बोलावण्याच्या त्या काही आठवड्यांबद्दल.

मृत्यूंची बातमी कळताच कंपनीने आपल्या विक्रेत्यांना, दुकानदारांना आणि डॉक्टरांना हजारावर तारा केल्या. तारेत होते ते इतकेच, की हे औषध परत पाठवावे. कशासाठी, ते नव्हते. घाई आहे, जिवाला धोका आहे, हेही नव्हते. दुकानदाराच्या दृष्टीने ती एक नेहमीची व्यापारी तार होती. माल परत जावयाचा आहे, जाईल उद्या-परवा. तोवर कपाटात आहे तो आहे. सरकारी अधिकाऱ्यांनी आग्रह धरला तेव्हा दुसरी तार गेली. तिच्यात स्पष्ट शब्दांत होते, की औषध जिवाला घातक ठरू शकते, आणि जे लोकांच्या घरी गेले आहे तेही ताबडतोब परत मिळवावे.

या दोन तारांपैकी पहिली तार खोटी होती काय? तिच्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ती वाचली म्हणजे मला धर्मराजाची आठवण होते. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेला अशी आवई उठली. जगातल्या चुकीच्या लेबलांत याहून प्रसिद्ध लेबल नसेल. नाव बरोबर, वस्तू निराळी. द्रोणाचार्यांनी खरे काय ते युधिष्ठिराला विचारले, कारण त्याचा शब्द म्हणजे पडताळा न पाहता घ्यावयाचा शब्द होता. त्याने खरे तेच सांगितले. फक्त ‘कुंजर’ एवढे हळू उच्चारले. ‘नरो वा कुंजरो वा’ ही म्हण आपण मोघमपणाला लावतो. पण तिचा दंश मोघमपणात नाही, आवाजात आहे. सत्य असे उच्चारावयाचे की ज्याच्या कानी ते पडले पाहिजे त्याच्या कानी ते पडू नये! त्या क्षणापर्यंत जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असे व्यासांनी सांगितले आहे. पहिल्या तारेने दुसरे काय केले? औषध परत पाठवा, हे मोठ्याने. माणसे मरत आहेत, हे मनातल्या मनात.

न्यायशास्त्रात शब्द हे एक प्रमाण मानले आहे. मात्र तो आप्ताचा शब्द असला पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे, आणि जशी ठाऊक आहे तशी ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त, असे वात्स्यायनाने म्हटले आहे. नुसते ज्ञान पुरत नाही, सांगण्याची इच्छाही हवी. औषध करणारा लेबल लावतो तेव्हा आपण ज्ञानवान आहोत असे तो म्हणतच असतो. पण त्याच्या इच्छेची परीक्षा लेबल लावताना होत नाही. त्या वेळी सांगण्यात नफाच असतो. परीक्षा होते ती लेबल चुकले असे कळल्यानंतर, जेव्हा सांगण्यात तोटा असतो.

मॅसेंगिल कंपनीचे मालक डॉक्टर होते. झाल्या गोष्टीचे दुःख वाटते, परंतु औषध करण्यात चूक झालेली नाही आणि असे काही होईल याची कल्पना येणे शक्य नव्हते; तेव्हा आमच्याकडे जबाबदारी येत नाही, असे त्यांनी जाहीर केले. वॉटकिन्स यांनी पुढे आत्महत्या केली. एकाने सगळा दोष नाकारला, आणि दुसऱ्याला तो सोसवेना इतका जड झाला असावा. पहिल्याचा आपल्याला राग येतो, दुसऱ्याची कणव येते. आणि हे दोन्ही साहजिक आहे. पण थोडे थांबून विचार केला तर दिसते, की त्या नकाराने एक बाटली परत आली नाही, आणि त्या प्राणत्यागानेही आली नाही.

बाटल्या परत आणल्या त्या भलत्याच माणसांनी. अन्न व औषध प्रशासनाच्या २३९ निरीक्षकांपैकी आणि रसायनज्ञांपैकी बहुतेक सर्व त्या कामाला लागले. त्यांनी विक्रेत्यांना गाठले. टेक्सासमधला एक विक्रेता कोणाला माल दिला ते सांगेना, तेव्हा त्याला तुरुंगात बसविल्यावर तो बोलला. दुकानांच्या वह्या चाळल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तपासल्या, अर्धवट लिहिलेल्या नावांवरून घरे शोधली. एक तीन वर्षांचा मुलगा होता. औषध घेऊन त्याच्या घरची माणसे डोंगराळ भागात राहावयास निघून गेली होती. एका डॉक्टरने आपले लग्न पुढे ढकलले आणि सरकारी रसायनज्ञाबरोबर तो त्या मुलाच्या शोधात डोंगरात गेला. मुलगा सापडला, आणि वाचला. २४० गॅलनांपैकी २३४ गॅलन आणि एक पिंट औषध अखेर परत मिळाले. जे मिळाले नाही ते सहा गॅलनांच्या आतबाहेर, म्हणजे सुमारे २२ लिटर. जेवढे माणसांच्या पोटात गेले होते तेवढेच परत आले नाही.

लग्न पुढे ढकलणाऱ्या त्या डॉक्टरचा अपराध कोणता होता? औषध त्याने बनविले नव्हते, लेबल त्याने लिहिले नव्हते. दोष त्याचा नव्हता. पण बाटली आणायला डोंगरात कोणी तरी जायला हवे होते, आणि तो गेला. मी वर ज्या वाटेबद्दल म्हटले ती हीच. आपण दोष आणि जबाबदारी हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे पाहते. दोष कोणाचा हे ठरविण्यास न्यायालये आहेत आणि त्यांना वर्षे लागतात. बाटली आज संध्याकाळी कोणाच्या तरी उशाशी आहे. हेतू शुद्ध होता की नव्हता हे झाल्या चुकीबद्दल विचारावे. चूक कळल्यानंतरच्या प्रत्येक तासाला तो प्रश्न नव्याने विचारावा लागतो, आणि तेथे ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर चालत नाही. अज्ञानाची सबब एकदाच वापरता येते. न कळून लावलेले खोटे लेबल ही चूक आहे. कळूनही जागेवर राहू दिलेले तेच लेबल हे असत्य आहे. कागद तोच, अक्षरे तीच, डिंकही तोच. मधल्या एका रात्रीत त्याचे नाव बदलते.

चूक आणि असत्य यांत रुग्णाच्या दृष्टीने काही अंतर नाही, हे मात्र विसरता येत नाही. ज्या द्रवाने १९३७ साली तिकडे शंभर जीव घेतले त्याच द्रवाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. औषधी ग्लिसरीन म्हणून जे आले होते ते कारखान्यात वापरावयाचे ग्लिसरीन होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली, आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी लोकांपुढे उघडी केली. तेथे लेबल चुकून लागले नव्हते. नाव एक आणि माल दुसरा, असा तो व्यवहारच होता. आपल्या देशात १९४० साली झालेल्या औषधांच्या कायद्यात चुकीच्या छापाचे औषध, भेसळीचे औषध आणि बनावट औषध यांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. शिक्षा देणाऱ्याला हा भेद हवाच. पण खाटेवरच्या माणसाला तो करता येत नाही. त्याच्यासमोर असते ती बाटली, आणि बाटलीवरचा शब्द. म्हणूनच ज्याच्या हातून नुसती चूक झाली आहे त्याने तर आपला शब्द अधिकच तातडीने मागे घेतला पाहिजे. नाही तर लबाडापासून त्याला वेगळे काढण्याची खूणच उरत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वारंवार अशा बातम्या आल्या तर लोकांचा औषधांवरचा विश्वास उडेल. हृदयविकाराचा किंवा मिरगीचा रुग्ण घाबरून आपले चांगले औषधही बंद करील, आणि चुकीच्या लेबलाने जेवढे नुकसान झाले असते त्याहून अधिक त्या भीतीने होईल. हे खरे आहे. पण यावरून आवाज खाली आणावा असे ठरत नाही; आवाज नेमका असावा असे ठरते. ‘औषधांत घोटाळा’ ही ओरड निरुपयोगी. कोणते औषध, कोणती बॅच, बाटलीत कोणती गोळी असावयास हवी आणि चुकीची असली तर ती कशी दिसते, घेतली गेली असल्यास कोणाला विचारावे, आणि कोणते औषध मुळीच बंद करू नये, एवढे सांगितले म्हणजे भीतीला जागा राहत नाही. धोका मोठा की लहान यावरून परत बोलावण्याचे तीन वर्ग अमेरिकेत केलेले आहेत आणि आपल्याकडेही तसेच आहेत. त्यामागे हाच विवेक आहे. मोघमपणा मात्र दोन्हीकडून मारतो. ज्याने घाबरावयास हवे तो निश्चिंत राहतो, आणि ज्याने निश्चिंत राहावयास हवे तो घाबरतो.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा. माल परत घेतला की पैसा जातो आणि पतही जाते. यावर ‘खरे बोलणाऱ्याची पत वाढतेच’ असे सुभाषित तोंडावर फेकण्याचा मोह होतो. पण तो आवरावा. पुष्कळदा खरे बोलणाऱ्याची पत खरोखरच जाते, आणि गप्प बसलेला शेजारी त्याचे गिऱ्हाईक घेऊन जातो. तोटा खरा असतो म्हणून तर हा नीतीचा प्रश्न आहे. नफा असता तर तो हिशेबाचा झाला असता. मात्र एवढे म्हणता येईल, की ज्या समाजात चूक कबूल करणाऱ्यालाच तेवढा दगड मारला जातो त्या समाजाला पुढे कबुली ऐकावयास मिळत नाही. औषध परत मागविल्याची बातमी वाचून ‘पाहा, हे असले!’ म्हणणारे आपणच असतो. ज्याने सांगितलेच नाही त्याचे नाव आपल्याला ठाऊकच नसते.

आणि आपला वाटा तेवढ्यावर संपत नाही. शब्द परत घ्यावयाचा तर तो कोणाला दिला होता हे माहीत हवे. आपल्या गावच्या दुकानात दहा गोळ्यांच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून मिळतात. गरिबाची सोय म्हणून ती चांगलीच गोष्ट आहे. पण नाव, बॅचचा क्रमांक आणि मुदत ज्या तुकड्यावर छापलेली असते तो बहुधा दुकानातच राहतो. बिल आपण मागत नाही. मागितले तर वेळ लागतो, आणि मागे रांग असते. मग उद्या ती बॅच परत बोलावली गेली तर हाक मारणाऱ्याने कोणाच्या दारी हाक मारावी? १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे ३०० प्रचलित औषधांच्या वेष्टनावर मोबाइलने वाचता येणारी खूण छापण्याची सक्ती झाली आहे, आणि ते योग्यच आहे. पण कापलेल्या तुकड्यावर खूण नसेल तर मोबाइल तरी काय वाचणार? घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या एका डब्यात सुट्या ओतून ठेवण्याची आपली पद्धतही अशीच. फराळाला जे शोभते ते औषधाला शोभत नाही. पट्टी असेल तशी ठेवावी, बिल महिनाभर तरी जपावे, आणि नेहमीची गोळी आज निराळ्या रंगाची किंवा आकाराची दिसली तर गिळण्यापूर्वी विचारावे. नेब्रास्कातल्या त्या औषधविक्रेत्याने याहून काही मोठे केले नव्हते.

सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, असे आपण मुलांना शिकवितो. दिलेला शब्द पाळावा, तो फिरवू नये, असेही शिकवितो. दोन्ही शिकवणुकी चांगल्या आहेत. पण त्यांच्या जोडीला एक तिसरी हवी. जो शब्द चुकीचा दिला गेला आहे तो परत घ्यावा, जेवढ्या मोठ्याने दिला त्याहून मोठ्याने घ्यावा, आणि तो ज्याच्या ज्याच्या घरी गेला असेल त्याच्या दारापर्यंत चालत जाऊन घ्यावा. लेबलावर एका औषधाचे नाव असते खरे. पण त्या नावाच्या आड जे वचन असते ते एवढेच, की तुझे भले व्हावे म्हणून हे तुझ्या हाती देत आहे. नाव चुकले तरी हे वचन उरतेच, आणि नाव मागे घेऊनच ते पाळता येते. धर्मराजाला ‘कुंजर’ हा शब्द दुसऱ्यांदा, मोठ्याने उच्चारावयास कोणी आडवे आले नव्हते.